शास्त्रवाचन आणि ख्रिस्ताची ओळख

पवित्र शास्त्र वाचल्याने ख्रिस्ताशी आपले नाते दृढ होते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शब्बाथ शाळेत शिक्षकांनी ते सांगितले, व्यासपीठावरून पाळकांनी सांगितले, घरी आईवडिलांनी सांगितले. पण हे कसे घडते, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. पुस्तक ही कागदाची वस्तू आहे. ख्रिस्त जिवंत आहे. कागद वाचून जिवंत व्यक्तीशी नाते कसे जडावे? एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र दहा वेळा वाचले तरी तो पुरुष काही आपल्याशी बोलत नाही. मग शुभवर्तमान वाचताना वेगळे असे काय घडते? आणि ते घडत असेल, तर जन्मभर वाचूनही काहींच्या बाबतीत ते का घडत नाही? या दोन प्रश्नांचा विचार येथे करावा असे आम्ही योजिले आहे.

आम्ही हैदराबादेत राहतो, म्हणून पहिले उदाहरणही येथलेच घेतो. येथील गोळकोंडा क्रॉसरोड्सजवळ ‘हेब्रोन’ नावाचे स्थान आहे. बंधू बख्त सिंग यांच्या सेवेचे ते केंद्र होते. त्यांचा जन्म 1903 साली पंजाबात एका शीख कुटुंबात झाला. तरुणपणी त्यांना एक बायबल मिळाले होते. त्याची चामड्याची बांधणी त्यांना आवडली; तेव्हा त्यांनी आतली पाने फाडून टाकली आणि वेष्टन तेवढे ठेवून घेतले! पुढे अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी ते इंग्लंडला व तेथून कॅनडात गेले. 1929 च्या डिसेंबरात विनिपेग शहरी त्यांनी एका मित्राकडे बायबल मागितले. मित्राने आपल्याजवळचा नवा करार दिला. ते रात्री उशिरापर्यंत वाचत बसले. दुसऱ्या दिवशीही वाचन चालूच राहिले. योहानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू निकदेमाशी बोलत आहे, तेथे ते आले आणि थांबले. हे बोलणे निकदेमाशी नाही, माझ्याशी चालले आहे, असे त्यांस वाटले. 1932 साली व्हँकूवर येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, 1933 साली ते भारतात परतले, आणि 17 सप्टेंबर 2000 रोजी हैदराबादेतच ते प्रभूमध्ये झोपी गेले. ते गुडघे टेकून शास्त्र वाचीत, असे त्यांना जवळून ओळखणारे सांगत.

या गोष्टीत आमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. चरित्राचा नायक आपल्याविषयी काही जाणत नाही. तो होऊन गेला. शुभवर्तमानाचा नायक मेला, पण उठला, आणि जिवंत आहे. म्हणून त्याचे जुने शब्द जुने राहत नाहीत. निकदेमाला म्हटलेला ‘तू’ वाचणाऱ्याला येऊन लागतो. पवित्र आत्मा हेच कार्य करतो: जे तेव्हा बोलले गेले ते आज ऐकवितो. शास्त्रवाचनाने नाते वाढते ते केवळ माहिती वाढल्यामुळे नव्हे. कोणी आपल्याला हाक मारीत आहे हे कळल्यामुळे वाढते. हाकेला ओ दिली की नाते सुरू झाले.

येथे कोणी म्हणेल, “ख्रिस्त जिवंत आहे ना? मग प्रार्थनेत तो थेट भेटतो. मध्ये पुस्तक कशाला?” हा आक्षेप वाटतो तितका पोकळ नाही. अक्षरात अडकून आत्म्याला मुकणारे लोक पौलाच्या काळीही होते (2 करिंथ. 3:6). परंतु पुस्तक बाजूला ठेवले म्हणजे काय होते याचा विचार करावा. ज्याचे बोलणे आपण ऐकत नाही, त्याचे चित्र आपण आपल्या सोयीने रंगवू लागतो. हळूहळू असा एक ख्रिस्त तयार होतो की ज्याला आमचे सर्व काही पसंत असते. भावाभावांत वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून दावा चालू आहे. हा ख्रिस्त आमच्याच बाजूचा असतो. मंडळीच्या कमिटीत दोन तट पडले आहेत. तो आमच्याच तटात बसतो. मुलाचे लग्न ठरविताना चार पिढ्यांपूर्वी समोरचे घराणे कोणत्या जातीतून आले याची चौकशी चालते. तेव्हा तो शेजारी बसून मुकाट्याने ऐकतो. असल्या ख्रिस्ताची प्रार्थना करणे फार सोपे आहे. पण ती प्रार्थना आरशासमोर उभे राहून केल्यासारखी आहे.

शास्त्रातला ख्रिस्त असा नाही. तो वेदीपाशी अर्पण घेऊन आलेल्या माणसाला अडवितो आणि सांगतो की, आधी भावाकडे जा, समेट कर, मग ये (मत्तय 5:23, 24). तो शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागतो. यहूदी ज्यांच्याशी व्यवहार ठेवीत नसत त्या लोकांच्या हातचे पाणी (योहान 4:7-9). पाणवठ्यावरचे दुःख आपल्या वाडवडिलांपैकी कितीतरी जणांनी भोगले आहे. त्यांना त्या अध्यायाचा अर्थ कोणी फोड करून सांगावा लागला नाही. आणि आपण त्यांचीच नातवंडे-पतवंडे लग्नाच्या बैठकीत जात विचारीत असू, तर तो अध्याय आपल्याच घरासमोर येऊन उभा राहतो. जो ख्रिस्त आपल्याला कधीही अडवीत नाही, तो आपणच घडविलेला होय. अडविणारा, उलट बोलणारा, आणि तरीही सोडून न जाणारा असा जो भेटतो, तोच खरा. त्याची गाठ शास्त्रात पडते. ते मिटले की प्रार्थनेत आपलाच आवाज आपल्याला ऐकू येऊ लागतो.

आता दुसरा प्रश्न. वाचूनही ख्रिस्त न भेटण्याचे काय? मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात याचे भय वाटावे असे उदाहरण आहे. मागी लोक यरुशलेमेत येऊन विचारतात की, जन्मलेला राजा कोठे आहे? हेरोद मुख्य याजकांना व शास्त्र्यांना बोलावितो. त्यांना उत्तर तोंडपाठ आहे: बेथलेहेम. संदर्भासह सांगतात, एक अक्षर चुकत नाही. यरुशलेमेपासून बेथलेहेम सुमारे नऊ किलोमीटर आहे. आमच्या चारमिनारपासून सिकंदराबाद स्टेशन जवळजवळ तेवढ्याच अंतरावर आहे. परंतु त्या शास्त्र्यांपैकी एकही जण तेथे गेल्याचे मत्तय सांगत नाही. ज्यांच्यापाशी शास्त्र नव्हते ते दूर देशाहून आले, आणि ज्यांच्यापाशी होते ते जागचे हलले नाहीत. पुढे प्रभूने हाच दोष स्पष्ट दाखविला: तुम्ही शास्त्रलेख शोधून पाहता, ते माझ्याविषयी साक्ष देतात, पण माझ्याकडे यायची तुमची इच्छा नाही (योहान 5:39, 40 चा भावार्थ). वाचनात उणे नव्हते. पाऊल उचलण्यात होते.

आपल्या मराठी मंडळीत हा फरक पंडिता रमाबाईंइतका क्वचितच कोणी स्पष्ट सांगितला असेल. रमाबाईंनी लूकाचे शुभवर्तमान प्रथम वाचले ते बंगाली भाषेत, पतीच्या ग्रंथसंग्रहात सापडलेले. पुढे इंग्लंडमध्ये असताना योहानातील त्याच शोमरोनी स्त्रीच्या कथेने त्यांच्या मनाची पकड घेतली, आणि 1883 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. येथे कथा संपावी असे आपल्याला वाटते. पण रमाबाईंनी आपल्या साक्षीत लिहून ठेवले आहे की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, परंतु ख्रिस्त स्वतः सापडलेला नाही. केवढी ही प्रामाणिक बाई! संस्कृतात पारंगत, अनेक भाषा अवगत, धर्मशास्त्रावर वाद करण्यास समर्थ. आणि तिने म्हणावे की अजून तो भेटला नाही. धर्म पटणे ही बुद्धीची गोष्ट आहे. ख्रिस्त भेटणे म्हणजे आपला भार, आपले पाप, आपले पांडित्यदेखील त्याच्या स्वाधीन करणे होय.

तो भेटल्यावर रमाबाईंनी शास्त्र बाजूला ठेवले नाही, हेही ध्यानात घ्यावे. उलट त्या इब्री व ग्रीक शिकल्या, आणि केडगावी मुक्ति मिशनचा एवढा व्याप सांभाळून आयुष्याची शेवटची अनेक वर्षे त्यांनी संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालविली. साध्या, खेड्यातल्या बाईलाही कळावे, हा त्यांचा हेतू होता. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे देहावसान झाले. ते भाषांतर 1924 साली प्रसिद्ध झाले. ज्याच्यावर प्रीती जडली त्याचे शब्द दुसऱ्याच्या कानी पडावेत म्हणून त्या अखेरपर्यंत झिजल्या.

खेड्यातल्या बाईचा विषय निघाला, तेव्हा आणखी एक शंका दूर केली पाहिजे. ज्यांना वाचता येत नाही त्यांचे काय? ख्रिस्ताशी नाते हा साक्षरांचा मक्ता आहे काय? मुळीच नाही. विश्वास ऐकण्याने होतो, असेच पौल म्हणतो (रोम. 10:17). मंडळीच्या इतिहासात बहुतेकांनी शास्त्र वाचले नाही, ऐकले. मराठवाड्यातील जुन्या मंडळ्यांतून अक्षरओळख नसलेल्या कितीतरी आज्या होत्या. बायबलबाईने वाचून दाखविलेले दाखले त्यांनी कानांनी टिपले आणि दळताना, निंदताना मनात घोळविले. तेव्हा कसोटी अक्षराची नाही, कानाची आहे. मात्र ज्याला वाचता येते त्याने या आज्यांची ढाल पुढे करू नये. त्यांना पुस्तक मिळाले असते तर त्यांनी ते कपाटात ठेवले नसते.

आमच्या शहरात मदरशांतून लहान मुले संपूर्ण कुराण मुखोद्गत करतात. असे पाठ करणाऱ्याला हाफिज म्हणतात. शेजाऱ्यांची ही निष्ठा आदर करण्याजोगी आहे, आणि आपल्या मुलांना किती वचने पाठ आहेत असे मनाशी विचारावयास लावणारीही आहे. परंतु पाठ करणे आपल्यासाठी अखेरचा मुक्काम नव्हे. शब्द पुस्तक झाला असे योहान सांगत नाही. शब्द देही झाला असे सांगतो (योहान 1:14). म्हणून शास्त्राचे स्थान बाप्तिस्मा करणाऱ्या योहानासारखे आहे. ते बोट दाखविते. बोटाकडेच पाहत राहणे व्यर्थ, आणि बोट झिडकारले तर कोकरा कोणता हे कळणार नाही.

परप्रांतात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांपुढे आणखी एक अडचण आहे. मुले इंग्रजी शाळेत जातात, बाजारात तेलुगू बोलतात, मित्रांशी दख्खनी हिंदीत गप्पा मारतात. देवनागरी वाचताना मात्र अडखळतात. घरच्या मराठी बायबलची पाने मग फक्त आजोबाच उलटतात. बख्त सिंगांनी तरुणपणी पाने फाडली आणि वेष्टन ठेवले. न फाडताही तेच करता येते, पुस्तक उघडले नाही म्हणजे झाले. आमचे सांगणे एवढेच की, मूल ज्या भाषेत भांडते आणि स्वप्ने पाहते त्या भाषेत ते वाचू द्यावे, पण घरात मोठ्याने, एकत्र वाचावे. आजोबांनी मराठीत वाचावे, नातवाने त्याच ओळी इंग्रजीत किंवा तेलुगूत वाचाव्यात. तीमथ्याचा विश्वास आधी त्याच्या आजीत व आईत वसला होता (2 तीम. 1:5), शास्त्र त्याच्यापर्यंत घरातूनच पोहोचले.

वाचावे कसे? थोडे वाचावे, सावकाश वाचावे. एक शुभवर्तमान घ्यावे आणि ते पुरे होईपर्यंत दुसरीकडे धावू नये. अध्यायांची संख्या मोजू नये. येशू येथे कोणाशी बोलत आहे, तेच तो मला म्हणाला तर मी काय उत्तर देईन, आणि आज मला कोणाकडे जावे लागेल, एवढे मनाशी विचारावे. तिसरा प्रश्न टाळू नये. शास्त्री तेथेच थांबले होते.

अम्माऊसच्या वाटेवरील दोघांचे असे झाले नाही (लूक 24:13-35). वाटेत प्रभूने त्यांना शास्त्राचा अर्थ उलगडून सांगितला तेव्हा त्यांची अंतःकरणे पेटली. भाकर मोडताना त्यांचे डोळे उघडले. आणि दिवस उतरला होता तरी त्याच घटकेस ते उठून यरुशलेमेस परत गेले. वाचन, ओळख आणि चालणे यांचा क्रम असा आहे. आज रात्री दिवा मालविण्यापूर्वी पुस्तक उघडावे. आणि त्याने ज्या भावाचे नाव आपल्यापुढे ठेवले, त्याच्या दारी सकाळी जावे. प्रभू आपणां सर्वांस तशी कृपा देवो.