कोण कोणाचं ऐकतं?

मराठीत ‘ऐकणं’ हे क्रियापद दोन ठिकाणी राबतं. आपण गाणं ऐकतो आणि आईचंही ऐकतो. ‘पोरगं कुणाचं ऐकत नाही’ असं कोणी म्हटलं तर तक्रार पोराच्या कानांबद्दल नसते. हिंदीतलं ‘सुनना’ आणि बांगलातलं ‘शोना’ हीच दोन्ही कामं करतात. कन्नडमधलं ‘केळु’ आणखी एक काम करतं. ऐकणं, मानणं आणि विचारणं असे तिन्ही अर्थ त्याच्या पोटात आहेत. कन्नडमधून मराठीत भाषांतर करताना हा शब्द आला की मी थबकते. पात्र ऐकतंय, विचारतंय, की निमूट मान्य करतंय, हे आजूबाजूच्या वाक्यांवरून ठरवावं लागतं. एक अर्थ निवडला की उरलेले दोन सोडून द्यावे लागतात.

घरात रोज शास्त्रीय संगीताची रेकॉर्डिंग लावणाऱ्या माझ्यासारख्या माणसाचंही असंच होतं. एक अर्थ हाती राहतो, दोन सुटतात. सुटलेल्या त्या दोन अर्थांचं काही देणं आपल्याकडे राहतं का, हा माझा प्रश्न आहे.

मैफलीत तिन्ही अर्थ जागे असतात. गायकाने विलंबित ख्याल धरला की तो पुढे सरकेल तसेच आपण सरकतो. घाई आपल्याला असते, त्याला नसते, आणि त्याचंच चालतं. तोही आपलं ऐकत असतो. कुठे ‘वाहवा’ उमटली, कुठे सगळी सभा एकदम स्तब्ध झाली, कुठे मागच्या रांगेत चुळबुळ सुरू झाली, यावर त्याची पुढची वाट थोडीफार ठरते. आणि विचारणंही असतं. चिठ्ठी पुढे जाते, फर्माईश होते. गायक ती पुरी करतो किंवा हसून बाजूला ठेवतो. फर्माईश ही आज्ञा नसून विनंती असते, कारण तिला नकार मिळू शकतो.

घरी काय होतं, हे पाहायला अमीर खाँसाहेबांची एक लाँगप्ले तबकडी पुरेशी आहे. तिच्या एका बाजूला मारवा आहे, दुसऱ्या बाजूला दरबारी. मारवा मावळतीचा, दरबारी मध्यरात्रीचा. मधले सगळे प्रहर तबकडी उलटण्याच्या काही सेकंदांत उरकतात. पण रागाच्या वेळेपेक्षा मला मारव्याच्या आतली वेळ महत्त्वाची वाटते. या रागात पंचम वर्ज्य, रिषभ कोमल, मध्यम तीव्र. कोमल रिषभावर आणि शुद्ध धैवतावर गायक पुन्हा पुन्हा थांबतो आणि षड्जाला शक्य तितका वेळ बगल देतो. कान घरी परतायला बघतो, आणि गायक त्याला उंबऱ्यावरच ताटकळत ठेवतो. षड्ज येईपर्यंतचं ते ताटकळणं हाच मारवा. फोनच्या पडद्यावरची रेघ बोटाने पुढे सरकवली तर षड्ज तत्काळ मिळतो. पण मग तो नुसता एक स्वर असतो.

म्हणजे घरी ‘ऐकणं’ उलटं फिरतं. मी गाण्याचं ऐकत नाही, गाणं माझं ऐकतं. दारावरची घंटा वाजली की ते गप्प होतं, मी परत आले की जिथे सोडलं तिथून सुरू होतं. एवढा आज्ञाधारक गवई कोणत्याही संस्थानिकाच्या पदरी नव्हता.

अर्थात, यंत्राने गायकाचं ऐकण्याऐवजी गायकानेच यंत्राचं ऐकण्याची रीत जुनी आहे. 1902 च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कोलकात्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं तेव्हा तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं मावत होती. रात्र-रात्र चालणारी कला त्या तीन मिनिटांत घडी घालून बसवायची होती, आणि गौहर जान यांनी ती बसवली. गाणं संपताच त्या इंग्रजीत स्वतःचं नाव सांगतात. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत, आणि तिथल्या कारागिरांना गाणारं कोण ते कळावं म्हणून ही प्रथा पडली, असं सांगितलं जातं. मला त्यात आणखी काही ऐकू येतं. समोर दाद देणारं कोणी नाही, कर्ण्याच्या पलीकडे कोण आहे ते ठाऊक नाही, तेव्हा निदान आपलं नाव तरी सांगून ठेवावं. ओळख करून देणं ही संवादाची पहिली पायरी असते. उत्तर येण्याची मात्र तिथे सोय नव्हती.

इथवर आल्यावर एक सोपी पळवाट समोर दिसते. रेकॉर्डिंग वाईट, मैफल खरी; भाजी चिरताना भूप लावणं हा अपमान; ऐकायचं तर दिवे मंद करून, मांडी घालून, दुसरं काही न करता ऐकावं. मला हा उपदेश पटत नाही, आणि त्याचं कारण संगीतात नसून घरात आहे.

मैफल सगळ्यांची कधीच नव्हती. दरबारात, हवेलीत, धनिकांच्या दिवाणखान्यात कोणाला बसता येत होतं, याचा हिशेब जात, पैसा आणि लिंग यांनी आधीच करून ठेवला होता. गाणाऱ्या बायका वेगळ्या आणि ‘घरंदाज’ बायका वेगळ्या, अशी वाटणी होती. पहिल्या गात होत्या, पण त्यांना प्रतिष्ठा नव्हती. दुसऱ्यांना प्रतिष्ठा होती, पण त्यांना मैफलीत जाता येत नव्हतं. माझ्या आजीच्या पिढीतल्या कितीतरी बायकांसाठी मैफलीचं दार उघडलं ते रेडिओने. बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि 1952 साली आकाशवाणीवर शनिवारी रात्रीचा राष्ट्रीय संगीत कार्यक्रम सुरू झाला. केसकरांनी सिनेसंगीताला दार बंद केलं म्हणून लोक त्यांच्यावर चिडले आणि रेडिओ सिलोनकडे वळले, हे खरंच आहे. पण त्याच आकाशवाणीमुळे फैयाज खाँ कोण, हे माजघरात कळू लागलं. त्या बायका मांडी घालून ऐकत नव्हत्या. उष्टी काढत, दूध विरजत, मुलांना थोपटत ऐकत होत्या. ज्याचे हात मोकळे त्यानेच खरं ऐकलं, असं म्हणायचं तर घरातलं काम ज्यांच्या वाट्याला आलं त्यांना आपण पुन्हा एकदा दाराबाहेर उभं करतो.

शिवाय अर्धवट ऐकण्यालाही मराठीत स्वतंत्र शब्द आहे: कानावर पडणं. पाऊस अंगावर पडावा तसं गाणं कानावर पडतं. त्यात आपण काही केलेलं नसतं, तरी भिजलेलो असतो. तानसेन होता आलं नाही तर कानसेन व्हावं म्हणतात, आणि पुष्कळसे कानसेन असेच, दुसरंच काही करता करता, तयार झालेले आहेत. त्यामुळे माझी चिंता अवधानाच्या टक्केवारीची नाही.

चिंता आहे ती मालकीची. एकच रेकॉर्डिंग शंभरदा ऐकलं की त्यातला प्रत्येक योगायोग नियम बनतो. एका खासगी मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये कोण कधी खोकतं ते मला पाठ आहे. तबलजी कुठे हातोडी घेऊन तबला सुरात लावतो तेही. पुढची तान कुठून उठणार हे त्या क्षणी गायकाला ठाऊक नव्हतं, मला ठाऊक आहे. मी त्याच्या पुढे आहे. हा पुढावा काही न करता मिळालेला आहे आणि त्याचा परिणाम चांगला नाही. कारण मग तोच राग कोणी तरुण गायिका समोर बसून वेगळ्या वाटेने मांडू लागली की मन कुरकुरतं, ‘असं नाही.’ भाषांतर करणाऱ्याला हा आजार चटकन ओळखू येतो. बंदिश ही मूळ संहिता, आणि प्रत्येक गाणं हे तिचं एकेक भाषांतर. त्यांतलं एक भाषांतर मूळ म्हणून डोक्यात बसलं की बाकीची सगळी चुकीची वाटू लागतात. जे माझं ऐकतं ते माझंच आहे, असं वाटायला फार वेळ लागत नाही.

गायक-वादकांना हे कळत नव्हतं असं नाही. किशोरी आमोणकर श्रोत्यांकडून शांततेची अपेक्षा धरत आणि ती मोडली तर तसं सुनावत. त्यांचा भूप, ‘सहेला रे’, आज कुकरच्या शिट्टीखालीही वाजतो आणि त्यांना काही म्हणता येत नाही. पण त्यांनी तबकडीला होकार दिला होता. होकार देताना ती कुठे वाजेल यावरचा ताबा आपण सोडतो आहोत, हे त्यांना माहीत असणारच. स्वयंपाकघरातला भूप त्या होकारात मावतो असं मी धरून चालते.

एक उदाहरण मात्र त्यात मावत नाही, आणि माझा प्रश्न खरा तिथे उभा राहतो. अन्नपूर्णादेवी या मैहरच्या अलाउद्दीन खाँसाहेबांच्या कन्या आणि शिष्या. वाद्य सूरबहार. रविशंकरांबरोबर त्यांचे मोजके जाहीर कार्यक्रम झाले, आणि 1950 च्या दशकातच त्यांनी लोकांसमोर वाजवणं थांबवलं. पुढे त्या मुंबईत राहिल्या आणि 2018 मध्ये निधन होईपर्यंत बंद दारामागे शिकवत राहिल्या. आपलं वादन मुद्रित होऊ द्यायला त्या तयार नव्हत्या. तरीही काही जुनी रेकॉर्डिंग हातोहात फिरत राहिली, आणि आज ती कोणालाही दोन-चार शब्द टंकून मिळतात.

इथे मराठीतलं क्रियापद दुभंगतं. त्यांचं वादन ऐकायचं म्हणजे त्यांचं न ऐकणं. त्यांचं ऐकायचं तर ते वादन ऐकता येत नाही. आणि ‘केळु’चा तिसरा अर्थ तर सरळ दोषारोपासारखा समोर येतो: विचारलं कोणी?

ऐकावं असं म्हणणाऱ्यांची बाजू हलकी नाही. सूरबहारवरची संथ, खोल आलापी आज दुर्मीळ आहे. जी ऐकलीच नाही ती बाई कोणाची तरी मुलगी, बहीण, बायको म्हणूनच उरते; त्या चार रेकॉर्डिंगमुळे निदान ती वादक म्हणून उरते. साहित्यवाले आणखी एक दाखला देतात. काफ्काने कागद जाळायला सांगितले होते, माक्स ब्रोडने ऐकलं नाही, म्हणून आपल्याला काफ्का मिळाला. माझ्या व्यवसायातले किती लोक त्या न ऐकण्यावर जगतात! पण ब्रोडने काफ्काला त्याच्या हयातीतच सांगून ठेवलं होतं की मी असं काही करणार नाही. त्या दोघांमध्ये विचारणं आणि उत्तर देणं झालं होतं. नकार पोचला होता. ब्रोड चुकला असेल किंवा नसेल, पण तो चोरपावलांनी आत आला नव्हता.

आणि अन्नपूर्णादेवींचा नकार म्हणजे मौनही नव्हतं. त्यांनी ऐकणारे निवडले होते. निखिल बॅनर्जी, हरिप्रसाद चौरसिया, नित्यानंद हळदीपूर यांनी त्यांच्यासमोर बसून तिन्ही अर्थांनी ऐकलं: कानाने, आज्ञेने आणि प्रश्न विचारून. निखिलबाबूंच्या सतारीवरचा आलाप ऐकताना जे कानावर येतं, त्यात त्यांनी स्वतः पुढे जाऊ दिलेलं काहीतरी असतं. पोचायचं तर ही एक वाट उघडी आहे, आणि ती त्यांनीच उघडी ठेवली आहे.

म्हणून ती रेकॉर्डिंग मी ऐकत नाही. यात कायद्याचा भाग नाही, पावित्र्याचाही नाही. माझ्या संग्रहातलं कोणीच मला काही सांगू शकत नाही. थांब म्हणू शकत नाही, नंतर ये म्हणू शकत नाही. सगळे माझं ऐकतात. एवढ्या सगळ्यांत फक्त एका वादकाचं म्हणणं स्पष्टपणे माझ्यापर्यंत पोचलं आहे, आणि ते ‘नाही’ असं आहे. तेही ऐकलं नाही तर मग मी कधीच कोणाचं ऐकत नाही, एवढंच ठरेल. ज्यांनी ते सूर ऐकले त्यांना माझ्याहून अधिक काही मिळालं, हे मला मान्य आहे. नकार मानायचा तर त्याची काही किंमत पडणारच. किंमत पडत नसती तर त्याला मान देणं कसं म्हणायचं?

बाकीच्यांच्या बाबतीत मी एक लहानसा नियम पाळते. मारवा एकदा लावला की तो मधे थांबवत नाही. फोन आला, दूधवाला आला, तर मी उठून जाते. खोलीत कोणी नसतं आणि अमीर खाँसाहेब गात राहतात. वीज फुकट घालवते असं घरचे म्हणतात. मी परत येते तेव्हा गाणं पुढे गेलेलं असतं. मधे काय झालं ते ठाऊक नसतं, आणि रेघ मागे ओढून मी ते विचारत नाही. जिथे असेल तिथून ऐकायला बसते.