चिमूटभर ज्वारी

निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी अंबाजोगाईत कोणाला जिन्याखाली संडास काढायचा असला की नकाशाची सुरळी माझ्याच ओट्यावर उलगडते. जन्मभर ओव्हरसियरकी केली, त्याचं हे पेन्शनीवरचं व्याज. गेल्या उन्हाळ्यात तीन पोरं आली, तीही तसाच कागद घेऊन. फरक एवढाच, की या वेळी मालक म्हणून देव होता.

परळीहून घाटनांदुरावरून लातूर रोडकडे, पुढे उदगीर-बीदर करत विकाराबादला जाणारी लाइन निजामाच्या रेल्वेनं टाकलेली. त्या लाइनवरचं एक छोटं स्टेशन. नाव लिहीत नाही, पोरांना उगाच त्रास नको. तिथं वाफेच्या इंजिनांच्या काळातला टाकीचा दगडी चौथरा आहे, कडीकुलूप गंजलेली एक खोली आहे आणि लिंबाखाली शेंदूर फासलेला म्हसोबा. पोरांना तिथं तीन गोष्टी हव्या होत्या: बायकांसाठी संडास, एक पाणपोई आणि म्हसोबावर आठ बाय दहाचा पत्रा. "काका, हेरिटेज आहे ते," त्यातला थोरला म्हणाला. हा शब्द आता चहाच्या टपरीवरही ऐकू येतो. माझे आजोबा लातुरातून बार्शी लाइटच्या गाडीनं पंढरीला जायचे. 1897 ला सुरू झालेली ती अडीच फुटी गाडी 1911 ला लातुरापर्यंत आली. वारकऱ्यांनी ती शिगोशीग भरायची. तिला तेव्हा कोणी हेरिटेज म्हणत नव्हतं. रूळ रुंद झाले, गाडी गेली, मग म्हणायला लागले.

मी पोरांना नियम सांगितले. खाजगी जागेत बांधायचं तर 1966 च्या नगररचना कायद्याच्या 44 व्या कलमाखाली अर्ज. सरकारी खात्याला बांधायचं असेल तर 58 वं कलम, म्हणजे अर्ज नाही, तीस दिवस आधी लेखी कळवायचं. पण रुळाकडेची जमीन रेल्वेची, आणि 1989 च्या रेल्वे कायद्याचं 11 वं कलम रेल्वेला तिच्या कामाची बांधकामं बाकीचे कायदे आड न येता करू देतं. जागा केंद्र-संरक्षित स्मारक असती तर शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढं दोनशे मीटर परवानगीनं. पण हा चौथरा कोणत्याच यादीत नाही. राहिला देव. सार्वजनिक जागेत विनापरवाना नवं देऊळ उभं राहू द्यायचं नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 29 सप्टेंबर 2009 चा आदेश आहे. पोरांचं म्हणणं, देव जुना आहे, पत्रा तेवढा नवा. हा युक्तिवाद मी नोकरीत शंभरदा ऐकलाय. आधी शेंदूर, मग ओटा, मग पत्रा, मग जाळी, मग देणगीदारांच्या नावांची फरशी. प्रत्येक पायरी लहान, म्हणून कोणी विचारत नाही.

पोरं उठता उठता धाकट्यानं विचारलं, "काका, पण परवानगी नेमकी कोणाची घ्यायची?" त्याला टेबल आणि खिडकी विचारायची होती. मला रात्री झोप लागली नाही.

आमची आई सकाळी अंथरुणातून पाय खाली ठेवायच्या आधी जमिनीला हात लावून माफी मागायची, पायाचा स्पर्श होणार म्हणून. रोज मागायची आणि रोज पाय ठेवायची. लहानपणी मला हे लबाडीचं वाटे. जिला नाही म्हणायची सोयच नाही, तिला कसलं विचारणं? हल्लीच्या भूमिपूजनांकडे बघून तोच विचार येतो. मंडप आदल्या रात्री ठोकलेला, कोनशिलेवर तारीख कोरलेली, नारळ फोडणारे पाहुणे गाडीतून उतरायच्या आत जेसीबी खड्डा करून मोकळा. त्यात भूमीनं काय बोलावं?

पण विचारायची एक जुनी रीतही आहे. वराहमिहिरानं बृहत्संहितेत मूर्तीसाठी झाड तोडायचा विधी सांगितलाय. आदल्या रात्री झाडाची पूजा करायची, बळी ठेवायचा आणि त्यावर राहणाऱ्या भुतांना विनवायचं, की बाबांनो, दुसरीकडे मुक्काम हलवा. कुऱ्हाड चालायची ती दुसऱ्या दिवशी. मधली ती रात्र मला महत्त्वाची वाटते. कोकणात देवाला फुलांच्या पाकळ्या लावून कौल घेतात, उजवीकडची पडली तर एक उत्तर, डावीकडची पडली तर दुसरं. तिथं देव नाही म्हणतो आणि गाव घरी परत जातं.

आमच्याकडे ज्वारी. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, डोळ्यांनी पाहिलंय. रस्ता रुंदीकरणात एक म्हसोबा आडवा आला. मजूर हात लावेनात. ठेकेदार माझ्याकडे बघतोय, मी कागदाकडे. शेवटी मजुरांनी गावातल्या एका म्हातारीला आणलं. कपाळभर कुंकू, पायात काही नाही. ती दगडासमोर फतकल मारून बसली, पदराची गाठ सोडून मूठभर ज्वारी मातीवर ओतली आणि म्हणाली, "म्हसूबा, हे सायेब लोक तुला बांधाच्या पलीकडं न्यायलेत. येतूस का?" मग डोळे मिटून चिमूट उचलली. तळहातावर दाणे पसरून एका बोटानं जोड्या सरकवायला लागली. दोन, दोन, दोन. तिच्या नखात हळद होती. शेवटी एक दाणा एकटा राहिला. "आज न्हाई," म्हणाली आणि उठून गेली. ठेकेदारानं कपाळावर हात मारला. रोलरचं दिवसाचं भाडं कोणाच्या खिशातून जाणार, हा त्याचा प्रश्न खरा होता. दुसऱ्या सकाळी ती परत आली. जोड्या जुळल्या. मजुरांनी दगड बांधापलीकडे नेला.

त्या एका दिवसाची नोंद मी मोजमाप पुस्तकात "पावसामुळे काम बंद" अशी केली. आभाळ कोरडं ठक्क होतं.

पुढे कित्येक वर्षं मी त्या म्हातारीबद्दल विचार केला. देव दाण्यांत उतरतो का, हे मला माहीत नाही. इंजिनिअरिंगच्या हिशेबानं विषम येण्याची शक्यता साधारण निम्मी. पण निम्मी म्हणजे खरी! आमच्या कचेरीतल्या परवानगीपेक्षा ती जास्त खरी होती. मी कित्येक फायलींवर "हरकत नाही" लिहिलं, आणि हरकत घ्यायची मुभा मला त्यातल्या फार थोड्यांत होती.

म्हणून पोरांसोबत स्टेशनवर गेलो. संडास आणि पाणपोईसाठी रेल्वेकडे अर्ज लिहून दिला. त्यात देवाचा काही संबंध नाही, बायकांची अडचण म्हसोबाला विचारून ठरत नसते. पत्र्याचं मात्र म्हटलं त्यालाच विचारू. शनिशिंगणापूरला शनी उघड्या चौथऱ्यावर उभा आहे, डोक्यावर छप्पर नाही, आणि कोणाला त्याची कीव येत नाही. ऊनपाऊस अंगावर घेणारे देव आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांना निवारा द्यायची घाई आपल्याला असते.

मी ज्वारी ओतली आणि चिमूट उचलायला वाकलो, तेव्हा लक्षात आलं की माझा हात अडाणी राहिलेला नाही. पत्रा नको असं माझं मन आधीच ठरलं होतं, आणि चाळीस वर्षं खडी-वाळूचा अंदाज घेतलेली बोटं दाणे चाचपत होती. म्हातारीनं डोळे मिटले होते. मी मिटले, तरी बोटं बघतच होती. माझ्या चिमटीतून जे आलं असतं ते माझंच उत्तर असतं. दाणे झटकले.

टपरीवाल्याची दहा-अकरा वर्षांची पोरगी कपबशा विसळत होती. तिला बोलावलं. कशासाठी ते सांगितलं नाही. तिनं ओला हात फ्रॉकला पुसला, चिमूट उचलली. दाणे ओलाव्यानं बोटाला चिकटले, ते तिनं एकेक करून माझ्या हातावर झाडले. थोरला मोजत होता. सात जोड्या, वर एक.

"परत एकदा घेऊ का, काका?" धाकटा म्हणाला. मी काही बोललो नाही. पोरगी कपबशांकडे गेली होती.

पत्रे टेम्पोतून आले तसे परत गेले. थोरल्याच्या घरी शेळ्यांच्या गोठ्यावर बसले. रेल्वेच्या अर्जाला अजून उत्तर नाही. मृगाच्या पहिल्या पावसानंतर मी मुद्दाम जाऊन आलो. म्हसोबाचा शेंदूर ओघळून लिंबाच्या मुळांपर्यंत गेला होता, आणि दगडावर एक कावळा पंख झटकत बसला होता.