नमाजपूर्वीची सात वर्षे

मूल सात वर्षांचे झाले की त्याला नमाजची आज्ञा करा आणि दहाव्या वर्षीही ते टाळाटाळ करू लागले तर त्याला शिक्षा करा, अशा आशयाची हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. बहुतेक पालकांना ती ठाऊक असते. मात्र तिच्यातील पहिला आकडा न बोलता जे सांगतो, त्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. नमाज हा धर्माचा आधारस्तंभ आहे. असे असूनही सातव्या वर्षापूर्वी मुलाला तिची आज्ञा करा, असे सांगितलेले नाही. सातव्या वर्षानंतरची आज्ञाही सवय लागावी म्हणून आहे, कारण कर्माचा हिशेब मूल बालिग झाल्यावरच सुरू होतो. मग पहिल्या सात वर्षांत मुलावर कोणते कर्तव्य आहे? कोणतेही नाही. परंतु याचा अर्थ ही वर्षे कर्तव्यशून्य आहेत असा नव्हे. या काळातील सारी कर्तव्ये आईवडिलांच्या, शिक्षकांच्या आणि मोहल्ल्याच्या शिरावर आहेत. शरीअतने मुलाला दिलेली मोकळीक ही मोठ्यांची परीक्षा आहे.

आपले वर्तन याच्या नेमके उलट दिसते. गिरगावपासून परळ-लालबागपर्यंत कोणत्याही वस्तीत पाहावे. साडेतीन वर्षांचे मूल सकाळी नर्सरीत, दुपारी मकतबमध्ये आणि सायंकाळी शिकवणीला असते. पाहुणे आले की त्याने सूरह म्हणून दाखवायची आणि अडखळले तर पाठीत धपाटा खायचा. त्या धपाट्याच्या समर्थनार्थ हीच हदीस सांगितली जाते. वास्तविक सात आणि दहा या दोन आकड्यांमध्ये तीन वर्षांचा संयम आहे. चार वर्षांच्या मुलावर हात उगारणाऱ्याला त्या हदीसमध्ये कोठेही आधार नाही.

पालकांचा हेतू वाईट नसतो, हे मान्य केलेच पाहिजे. त्यांच्या मनात भीती असते. या शहरात मूल मागे पडेल, बिघडेल, दीनपासून दूर जाईल, असे त्यांना वाटते. लहानपणी घडवले नाही तर पुढे घडणार नाही, हे त्यांचे म्हणणे खोटेही नाही. प्रश्न एवढाच आहे की, मूल घडते कशाने?

सूरह नहलमध्ये अल्लाहने मानवाला त्याच्या जन्माची आठवण करून दिली आहे. आईच्या उदरातून तो बाहेर आला तेव्हा त्याला काहीही ज्ञात नव्हते; मग त्याला श्रवण, दृष्टी आणि हृदय बहाल केले गेले, ते त्याने कृतज्ञ व्हावे म्हणून. ज्ञान मिळवण्याची साधने येथे सांगितली आहेत आणि त्यांचा शेवट पाठांतराशी नव्हे, कृतज्ञतेशी होतो. बाळाला गर्भातच ऐकू येऊ लागते, नजर मात्र जन्मानंतर काही महिन्यांत स्थिरावते, हे आज सर्वज्ञात आहे. विज्ञानाचा दाखला देऊन आयतीची सत्यता सिद्ध करण्याचा येथे हेतू नाही. मूल धडा घेण्याच्या पुष्कळ आधीपासून आपल्याला ऐकत आणि पाहत असते, एवढेच ध्यानात घ्यावयाचे आहे.

प्रत्येक मूल फितरतवर, म्हणजे निर्मळ स्वभावावर जन्मते आणि पुढे आईवडील त्याला वळण देतात, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. हे वळण कसे लागते ते आणखी एका हदीसमधून उमगते. एका आईने आपल्या लहान मुलाला, ये, तुला काही देते, असे म्हणून हाक मारली. प्रेषितांनी (स.) विचारले, त्याला काय देणार होतीस? ती म्हणाली, खजूर. तेव्हा त्यांनी सांगितले की, काहीच दिले नसतेस तर तुझ्या नावे एक असत्य लिहिले गेले असते. मुलाला गप्प करण्यासाठी दिवसातून दहा वेळा खोटी आश्वासने देणाऱ्या आपण सर्वांनी ही हदीस घराच्या दारावर लावावी.

मूल पाहून, हाताळून आणि खेळून शिकते, हे सत्य आपल्याच शहरात प्रत्यक्ष आचरले गेले आहे. ताराबाई मोडक यांनी 1936 साली दादरला शिशुविहार सुरू केला. मुलांना दरडावून शिकवू नये, त्यांच्या हातांना काम आणि डोळ्यांना पाहण्यासारखे काही द्यावे, हा त्यामागील विचार होता. परंतु शहरी बालवाडी गरिबांच्या मुलांपर्यंत पोहोचत नाही, हे त्यांनी ओळखले आणि 1945 मध्ये त्या बोर्डीला गेल्या. तेथे, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी महागड्या साधनांऐवजी पाने, बिया, खडे आणि शिंपले मुलांच्या हाती दिले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी आकाराला आली. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेमुळे ती देशभर पोहोचली.

यातून आपण काय घ्यावे? दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या बापाला वाटते की आपल्यापाशी मुलाला देण्यासारखे काही नाही. पण तांदूळ निवडताना आईने मोजलेले खडे, समुद्रावर वेचलेले शिंपले, घरच्या बोलीत सांगितलेली नूह (अ.) यांच्या नौकेची गोष्ट, हे सारे शिक्षणच आहे. गिरणगावातील चाळींच्या जागी आता मनोरे उभे राहत आहेत. चाळीची गॅलरी हेच ज्यांचे अंगण होते, त्या मुलांचे अंगण हरपत चालले आहे. खेळायला जागा उरलेली नाही आणि खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय अशी आपली समजूत. इमाम गझाली यांनी मुलाला आईवडिलांपाशी ठेवलेली अमानत म्हटले आहे. त्यांनीच असेही बजावले आहे की, खेळ बंद करून मुलाला सतत अभ्यासाला जुंपले तर त्याचे हृदय मरते आणि बुद्धी मंदावते. इब्ने खलदून यांनीही चौदाव्या शतकात इशारा दिला होता की, धाकाखाली शिकलेले मूल खोटे बोलू लागते.

याचा अर्थ मकतब नको असा मुळीच नाही. लहान वयात कानावर पडलेले कुरआन जन्मभर साथ देते. मात्र ते आईच्या मांडीवर ऐकणे वेगळे आणि छडीसमोर म्हणून दाखवणे वेगळे. पहिल्याने ओढ निर्माण होते, दुसऱ्याने सुटकेची वाट पाहण्याची सवय लागते.

आमच्या मशिदींनीही याचा विचार करावा. प्रेषित (स.) आपल्या नातीला, उमामाला, खांद्यावर घेऊन नमाज पढवीत, सजद्यात जाताना तिला खाली ठेवीत आणि उठताना पुन्हा उचलून घेत. बाळाचे रडणे कानी आले तर आईची घालमेल जाणून ते नमाज आटोपती घेत. एका लहानग्याचा पाळीव पक्षी मेला तेव्हा त्यांनी आवर्जून त्या पक्ष्याची विचारपूस केली. मागच्या सफेत हसलेल्या मुलाला दंडाला धरून बाहेर काढणाऱ्याने, आपण कोणाच्या मशिदीचा वारसा चालवीत आहोत, हे स्वतःला विचारावे.

सातव्या वर्षी आपण मुलाला नमाजसाठी हाक मारू, तेव्हा ते आनंदाने येईल की ओढून आणावे लागेल, याचा निर्णय त्या दिवशी होत नसतो. तो आधीच्या सात वर्षांत झालेला असतो. आपल्या हाती सोपवलेली ही अमानत कोमलतेने सांभाळण्याची सद्बुद्धी अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.