अंधारीचे कौतुक

देवगिरीचा किल्ला पाहून आलेल्या माणसाला, काय काय पाहिलेत, असे विचारावे. चांदमिनार, मेंढा तोफ, भारतमातेचे देऊळ ही नावे तो ओघाने घेईल. पण डोळे मोठे करून सांगेल ते अंधारीविषयी. खंदकावरचा अरुंद पूल ओलांडला की वर जायला वाट एकच, आणि ती डोंगराच्या पोटातून. आत मिट्ट काळोख, उंचसखल पायऱ्या, दिशा हरपावी अशी वळणे आणि डोक्यावर वटवाघळांची फडफड. वाटाडे सांगतात, शत्रू येथवर आलाच तर काळोखात चकावा. उजेडाची तिरीप दिसली म्हणून तिकडे धावला तर घसरून थेट खंदकात पडावा. आणि त्यातूनही जो वरच्या तोंडाशी पोचेल त्याच्यासाठी लोखंडी झाकण. त्याच्यावर विस्तव पेटवला की लोखंड तापून लाल व्हायचे आणि धूर खाली भुयारात कोंडायचा. हे ऐकून 'काय डोके लढवले आहे!' असे मंडळींत कोणीतरी म्हणतेच. मुले त्या काळोखात ओरडतात, हसतात, एकमेकांना भिववतात.

या कौतुकाविषयीच मला चार शब्द लिहायचे आहेत. माणसे गुदमरवून मारणे हा ज्या युक्तीचा हेतू, तिला आपण मोकळ्या मनाने वाहवा द्यावी काय?

कर्तबगारी निर्विवाद आहे. भोवतालच्या सपाटीतून सुमारे सहाशे फूट वर आलेला एकाकी डोंगर. त्याचा पायथा चहूबाजूंनी दीडशे फुटांच्या आसपास असा सरळ तासून काढलेला, की घोरपडीलाही नखे रोवायला जागा मिळू नये. त्याच्याभोवती कातळातच खोदलेला खंदक. यादवांच्या राजधानीच्या काळापासून पुढच्या सत्तांपर्यंत पिढ्यान् पिढ्या या दगडावर छिन्नी चालली. किल्ला बांधतात असे आपण म्हणतो. हा किल्ला बांधण्यापेक्षा कोरून काढला आहे.

आणि येथून आठ-दहा मैलांवर वेरूळ आहे. तोच काळा पाषाण, तीच छिन्नी. आठव्या शतकात राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळी तेथे डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरीत कोरीत कैलास लेणे काढले. एका दिवसात दोन्ही पाहणाऱ्या प्रवाशाच्या मनात तुलना आपोआप उभी राहते: तेथे दगड कोरला तो माणसाने आत यावे म्हणून, येथे कोरला तो येऊ नये म्हणून. तुलना देखणी आहे. म्हणूनच मला तिची थोडी धास्ती वाटते. देऊळ पुण्याचे आणि किल्ला पापाचा, अशी वाटणी करून मोकळे होणे फार सोपे. पण ज्याच्या दाराशी कधी घोडदळ आलेले नाही त्याला असा न्याय सहज देता येतो. घराला कडी लावणाऱ्याला कोणी क्रूर म्हणत नाही.

शिवाय एक गोष्ट अशी आहे की ती या सोप्या वाटणीत मुळीच बसत नाही. सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या अमदानीत, या गडाचे किल्लेदार होते जनार्दनस्वामी. पैठणचा कोवळा एकनाथ गुरूच्या शोधात आला तो येथेच. स्वामींची समाधीही गडावरच आहे. ज्यांच्या पायाशी बसून नाथांनी भागवतधर्म आत्मसात केला, त्यांच्याच हाती या डोंगराच्या किल्ल्या होत्या! परंपरा आणखी पुढे जाते. एकदा स्वामी ध्यानस्थ असताना गडावर परचक्र आले, तेव्हा गुरूंची समाधी भंगू नये म्हणून एकनाथांनी त्यांचा पोशाख आणि शस्त्रे अंगावर चढवली आणि शत्रू परतवला, असे चरित्रकार सांगतात. आणि हेच एकनाथ रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड वाटेत तडफडणाऱ्या गाढवाला पाजतात. या दोन्ही कथा मराठी माणसाने शतकानुशतके शेजारीशेजारी सांगितल्या, आणि त्यात त्याला विसंगती दिसली नाही. मला वाटते, ते अजाणतेपण नव्हते. जो मारायला येतो त्याला अडवणे आणि जो तहानेला आहे त्याला पाणी पाजणे, ही दोन्ही कामे एकाच माणसाची असू शकतात, हे आपल्या आजी-पणजींना आपल्यापेक्षा बरे कळत होते.

म्हणजे अंधारी निर्दोष ठरली? निदान एवढे म्हणता येईल की ती कोणाचा पाठलाग करीत नाही. ती आपल्या जागी वाट पाहते. शस्त्र घेऊन जो तिच्यात शिरेल त्याचाच घात ती करील. जो माघारी फिरेल त्याचे बोटही दुखावणार नाही. शस्त्रांच्या दुनियेत हा गुण लहान नव्हे. अर्थात तिच्यात शिरणार होते ते पोटासाठी भाला धरलेले शिपाईगडी. सुलतान काही मशाल घेऊन पुढे येणार नव्हता.

पण रक्षणाच्या नावाने वाहवा द्यायची तर रक्षण कोणाचे झाले, हे विचारल्यावाचून सुटका नाही. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी अचानक देवगिरीवर चालून आला. युवराज सैन्य घेऊन दूर गेला होता. रामचंद्रदेव गडावर चढला, दरवाजे लागले, आणि खाली उघड्यावर राहिलेले नगर लुटले गेले. विणकर, व्यापारी, त्यांच्या लेकीसुना खाली होत्या. गडावर धान्य म्हणून नेलेली पोती फोडल्यावर मिठाची निघाली, ही कथा सर्वांच्या तोंडी आहे. ती लिहिणारा फिरिश्ता तीनशे वर्षांनंतरचा. पण त्याच्याही लेखी ती फितुरी नव्हे, कोकणातल्या व्यापाऱ्यांनी पळापळीत टाकून दिलेली पोती घाईने उचलल्याचा तो परिणाम. पुढे १६३३ मध्ये महाबतखानाच्या वेढ्यातही सुरुंगांनी तट फोडले, उपासमार झाली आणि अखेर मलिक अंबरच्या मुलाने, फत्तेखानाने, गड वाटाघाटीने हवाली केला. कडा दोन्ही वेळा जागच्या जागी उभा होता.

आणि मग त्याच कातळाचा दुसरा उपयोग पाहावा. तुघलकाच्या अमदानीत येथे आलेला प्रवासी इब्न बतूता गडावरच्या अंधारकोठड्यांविषयी लिहून गेला आहे. त्यांतले उंदीर मांजरांहून मोठे, मांजरे त्यांना पाहून पळत. आणि तेथे कैद्यांना टाकीत. ही त्याला तेथून सुटलेल्या एका सरदाराने सांगितलेली हकीकत आहे. येथे मात्र माझा हात आखडतो. ती कोठडी कोरणाऱ्याच्या छिन्नीतही तेच कसब असेल. पण कोठडीतला माणूस मारायला आलेला नव्हता, त्याला आणलेले होते. त्याच्या हाती शस्त्र नव्हते, त्याला माघारी फिरण्याची मुभा नव्हती. अंधारीचे कौतुक हळहळ बाळगून करता येते. कोठडीचे करता येत नाही. ही रेघ दगडावर दिसत नाही, तासणी दोन्हीकडे सारखीच सुबक असते. ती पाहणाऱ्यालाच मनात ओढावी लागते.

मुलांना हे सांगावे काय? दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला होतो. त्यावर मावळे असतात, तळे असते, अळीव पेरलेले शेत असते, आणि हात कोपरापर्यंत घालून कोरलेले भुयारही असते. कैदखाना मात्र कोणतेच मूल करीत नाही. त्यांना देवगिरीला नेले तर अंधारी दाखवावीच, धुराची युक्तीही सांगावी. फक्त त्यांचे हसणे ओसरले की त्या काळोखात कोण शिरले असते आणि खाली नगरात कोण राहिले होते, एवढे दोन प्रश्न त्यांना विचारावेत. मुले उत्तरे शोधतात.

आणि वर जाण्याआधी, खंदकाच्या अलीकडे, वाटेतच चिनी महाल लागतो. गोवळकोंडा १६८७ साली पडल्यावर तिथला शेवटचा सुलतान तानाशहा याला औरंगजेबाने येथे ठेवले, आणि तो येथून पुन्हा बाहेर पडला नाही. भिंतींवर निळ्या-पांढऱ्या फरशांचे तुकडे अजून शिल्लक आहेत. अंधारीकडे निघालेली मंडळी घाईत असतात. तेथे फारसे कोणी थांबत नाही.