नको ते नेमकं कोणाला नको?

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



गेल्या गुरुवारी जांबोटीत आरती झाली, प्रसाद वाटता वाटता एक विषय निघाला आणि रात्री साडेदहापर्यंत कोणी उठलं नाही. विषय परमार्थाचा नव्हता, गाडीचा होता. पण बोलत बोलत तो जिथं जाऊन पोचला, ते तुमच्याही कानावर घालावंसं वाटलं. म्हणून या वेळचं चिंतन त्याच्यावरच.

आपले एक गुरुबंधू पिकअप चालवतात. बेळगावात भाजी भरायची, जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरायचा आणि गोव्यात माल टाकायचा, हा त्यांचा धंदा. जुनी गाडी विकून, वर कर्ज काढून त्यांनी नवी घेतली. ऐन पावसाळ्यात एका पहाटे, धो धो पाऊस चालू असताना, समोरच्या मीटरमध्ये पिवळा दिवा लागला. "गाडी ओढेनाच झाली बघा," ते सांगत होते. "ॲक्सिलेटर तळाला लावला तरी बैलगाडीगत चाललीय. मागं माल भरलेला, पुढं काळोख." गोव्यात पोचेपर्यंत बाजार उठला होता. मेथी-कोथिंबीर मिळेल त्या भावाला सोडावी लागली. कर्जाचा हप्ता मात्र कोणासाठी थांबत नाही.

गाडीवरच्या एका माहितगाराने निदान सांगितलं. धुराच्या नळीत काजळी अडवणारी जाळी असते, ती भरलीय. ती काढून टाकायची, कॉम्प्युटरमधूनही बंद करायची, की कटकट संपली. आपले गुरुबंधू दोन दिवस तळमळत होते. शेवटी त्यांनी सत्संगातच विचारलं, "काढू का नको? ती जाळी मी मागितली नव्हती. मला नकोच होती."

खरं सांगायचं तर आमच्यातल्या बहुतेकांनी लगेच सांगून टाकलं, "काढा की! त्यात काय एवढं?" हे लिहिणारे आम्हीही त्यातच होतो.

*साध्या इंजिनाची ओढ*

आमचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. आपल्या भागातल्या माणसाला साधी गाडी आवडते, त्याला कारण आहे. टाटाचा ४०७ आला १९८६ साली. असल्या जुन्या गाड्यांचं इंजिन रस्त्याकडेला पोतं अंथरून, चार पान्यांवर खोलता येत असे. २००५ साली टाटा एस आली, जिला सगळे 'छोटा हत्ती' म्हणतात. तिचं इंजिन दोन सिलिंडरचं, ७०२ सीसीचं, १६ अश्वशक्तीचं. टर्बो नाही की काही नाही. किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास. गिरीश वाघ आणि त्यांचे सहकारी ती गाडी घडवण्याआधी तीनचाकी टेम्पोवाल्यांत जाऊन बसले आणि तुम्हाला काय पाहिजे म्हणून विचारत राहिले. त्यात एकाने सांगितलं म्हणे, की दारात चार चाकं असली तर गावात लग्न जुळायला सोपं जाईल!

ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. माणसाची गरज नुसती किलोत मोजता येत नाही. मान हीसुद्धा गरज आहे. पण त्या गाडीत मानासाठी चौथं चाक आलं, बाकी भार उचलायला लागेल तेवढंच ठेवलं. विचारून बनवलेली वस्तू आणि वरून लादलेली वस्तू यांत हा फरक असतो.

आजच्या गाड्यांत काय काय असतं? मोठा पडदा, फोनला जोडणी, दाराला बटणं, काही झालं की कुंई कुंई वाजणारे इशारे. ज्याला हौद्यात तीस पोती टाकायची आहेत तो म्हणतो, या पडद्याचे पैसे मी का भरू? बाहेरच्या देशांतही हे म्हणणारे आहेत. टोयोटाने २०२३ साली थायलंडमध्ये 'हायलक्स चॅम्प' नावाची साधी पिकअप काढली. तिचा मागचा भाग सपाट ठेवलाय, ज्याला जसा हौदा पाहिजे तसा त्याने बांधून घ्यावा. म्हणजे ही ओढ एकट्या खानापूर तालुक्याची नाही.

*टर्बोची बाजू*

पण चर्चेत एक जुने मेकॅनिक होते. आयुष्य बेळगावच्या उद्यमबागेत गेलेलं. ते म्हणाले, "साधं ते चांगलं आणि टर्बो तो वाईट, असं एका दमात ठरवू नका."

त्यांनी समजावलं ते असं. इंजिन जळायला हवा लागते. साधं इंजिन आपल्या ताकदीने जेवढी हवा ओढेल तेवढीच घेतं. टर्बो काय करतो? इंजिनातून बाहेर चाललेला गरम धूर, जो वायाच जाणार होता, त्याच्यावर एक छोटं चक्र फिरवतो. त्याच दांड्याला दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र असतं, ते बाहेरची हवा दाबून आत भरतं. हवा जास्त, म्हणून तेवढ्याच इंजिनातून ताकद जास्त. ही चक्रं मिनिटाला लाखावर फेरे घेतात. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी या इंजिनिअरने १९०५ साली याचं पेटंट घेतलं, आणि १९२०च्या दशकात ती युक्ती जहाजांच्या डिझेल इंजिनांवर बसली. म्हणजे टर्बो हे कालचं फॅड नाही.

वाया जाणाऱ्यातून कामाचं काढणं, हे आपल्या घरातल्या बायका रोज करतात. शिळ्या भाकरीचा कुस्करा करणारी आई आणि धुरातून ताकद काढणारा टर्बो, दोघांची बुद्धी एकच.

मात्र ते मेकॅनिक पुढं म्हणाले, "टर्बोला संभाळणारा माणूस पाहिजे. घाट चढून आला की लगेच किल्ली बंद करायची नाही. मिनिटभर इंजिन हळू चालू दे. नाहीतर तापलेल्या बेअरिंगवर तेल करपतं आणि टर्बो जातो." आम्हाला आठवलं, महाराजही हेच सांगतात. दिवसभर पळापळ करून आल्यावर लगेच अंथरुणावर पडू नका, क्षणभर शांत बसा, मग झोपा. टर्बोच्या दोषांतले निम्मे त्याच्यात नसतात, आपल्या उतावीळपणात असतात. आणि ताकद वाढली की दीड टनाच्या गाडीत अडीच टन भरायचा मोह होतो, तो दोषही टर्बोचा नव्हे.

*मग अक्का बोलल्या*

एवढं सगळं होईपर्यंत एक अक्का कोपऱ्यात गप्प बसून होत्या. रस्त्याला लागून त्यांचं चहाचं खोकं आहे. नातवाला दमा आहे, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक. तरी "काढा की" म्हणताना आमच्यातल्या एकालाही त्याची आठवण झाली नव्हती. अक्का एवढंच म्हणाल्या, "दादा, ती जाळी तुला नको आसंल. पण ती तुझ्यासाठी बसिवलेलीच न्हाई. ती माझ्या पोरासाठी हाय."

कोणाला काही बोलता येईना.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं. मधली पाचवी पायरी सोडून आपण चौथीवरून थेट सहावीवर गेलो. डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत ५० होतं, ते १० वर आणलं. डिझेल मोटारींच्या धुरातल्या बारीक कणांची मर्यादा सुमारे ८० टक्क्यांनी उतरवली. ही जाळी आली ती त्यासाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ सालीच सांगितलं आहे, की डिझेलच्या धुराने माणसाला कर्करोग होतो. म्हणजे जाळी काढली तर काजळी कुठं नाहीशी होत नाही. ती गाडीतून निघते आणि कोणाच्या तरी छातीत जाते. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाने गाडीत मनासारखे बदल करायला मनाई आहे, ते वेगळंच. पण कायदा नसता तरी अक्कांचं बोलणं खोटं ठरलं असतं का?

आमची चूक तिथं आमच्या लक्षात आली. मोठा पडदा आणि धुराची जाळी, दोन्ही आम्ही 'नको असलेल्या' एकाच पोत्यात भरल्या होत्या. पडदा नको तर नको. तो नसला तर कोणाचं काही बिघडत नाही, पैसे वाचतात. जाळी नको म्हणायचा हक्क मात्र एकट्या मालकाचा नाही, कारण तिचा खर्च एकाचा आणि फायदा दुसऱ्याचा.

आपल्या बेळगावात डिसेंबर १९२४ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष झाले असं ते एकमेव अधिवेशन. त्याच्या महिनाभर आधीच त्यांनी 'यंग इंडिया'त यंत्रांबद्दलचा आपला विचार मांडला होता. आपला विरोध यंत्राला नसून यंत्राच्या वेडाला आहे, असं त्याचं सार. शिवणयंत्राला त्यांनी मोकळ्या मनाने सूट दिली, कारण ते बायकोचे कष्ट पाहून कळवळ्यापोटी बनवलेलं यंत्र आहे असं ते मानत. यंत्र साधं की गुंतागुंतीचं यापेक्षा ते कोणाच्या कळवळ्यातून आलं, हे त्यांनी पाहिलं. या मापाने पडदा नापास होईल. जाळी कितीही कटकटीची असली तरी पास होते.

*पण हप्त्याचं काय?*

इथंच थांबलो असतो तर आमचं प्रवचन फुकटचं झालं असतं. आपल्या गुरुबंधूंचा तोटा खरा होता. स्वच्छ धूर सगळ्यांना, आणि बुडालेली मेथी एकट्याला, हा कुठला न्याय?

जुन्या मेकॅनिकांनी मग खुलासा केला. जाळीतली काजळी साधारण ६०० अंशांच्या उष्णतेत जळून जाते. त्यासाठी गाडी थोडा वेळ न थांबता, चांगल्या गतीने पळावी लागते. इथं गावातल्या गावात, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, दहा मिनिटांत दहादा इंजिन बंद करून भाजी गोळा करत फिरलं, तर जाळी कधी तापणारच नाही. दिवा पहिल्यांदा दिसला तेव्हाच मोकळ्या रस्त्याला पंधरा-वीस मिनिटं गाडी धरली असती, तर बहुधा एवढं झालंच नसतं. हे त्यांना गाडी घेताना कोणी समजावून सांगितलं नव्हतं. वस्तू विकायची आणि वापरायची रीत सांगायची नाही, हाही अधर्मच म्हणायचा.

शेवटी ठरलं ते असं. गुरुबंधू जाळी काढणार नाहीत. ती रीतसर साफ करून घेतली, त्याचा खर्च सत्संगातल्या अकरा जणांनी वाटून घेतला. ही मदत नव्हे, आपल्या श्वासाचा वाटा आहे, असं समजून दिला. वाडीवाडीवरची भाजी जवळच्यांनी आपापल्या सायकल-मोटरसायकलवरून एका जागी आणून द्यायची, म्हणजे गाडीला थांब-चल कमी. अन्नदानासाठी आपल्याला गाडी घ्यायची आहे, ती पडदा नसलेली, सगळ्यांत साधी घ्यायची. वाचलेल्या पैशांत शिधा येईल. धुराच्या बाबतीत मात्र काटकसर नाही.

गुरुबंधू उठताना म्हणाले, "अजून मला ती जाळी आवडत न्हाई हां." अक्का हसल्या. म्हणाल्या, "आवडू नको दे. ठेव म्हंजे झालं."

*या आठवड्याचं चिंतन*

घरातली, कामातली, नात्यातली एक गोष्ट निवडूया, जी आपल्याला नकोशी वाटते. आणि प्रामाणिकपणे विचारूया: ही मला नको, पण कोणासाठी आहे? कोणासाठीच नसेल तर आनंदाने सोडूया. कोणासाठी तरी असेल, तर ठेवूया, आणि जो ती सांभाळतो त्याचा भार थोडा आपणही उचलूया.

जय सद्गुरू 🙏