नित्यकर्माचा हिशेब

मीमांसकांनी कर्मांची केलेली विभागणी प्रचारसभेच्या मांडवात कोणी काढत नाही, पण काढण्याजोगी आहे. काम्य कर्म फळाच्या इच्छेने केलेले. नित्यकर्म नेमाचे, केले म्हणून वेगळे पुण्य नाही, टाळले तर मात्र प्रत्यवाय, म्हणजे दोष. उमेदवाराने शिक्षणासाठी काय केले हे तपासताना यातला कोणता नियम लावायचा?

जालना जिल्ह्यात हा प्रश्न पोथीपुरता राहत नाही. घनसावंगीचे राजेश टोपे १९९९ ते २०२४ सलग आमदार होते आणि २०१४ पर्यंतच्या आघाडी सरकारात उच्च व तंत्रशिक्षण मंत्री. अंबडच्या देवीचे नाव लावणारी मत्स्योदरी शिक्षण संस्था त्यांच्या घराशी जोडलेली. वडील अंकुशराव टोपे यांच्या नावाचे महाविद्यालय जालन्यात आहे. ज्या मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळायला १९५८ उजाडले, तिथे हे काम लहान नव्हे. त्यामुळे शिकलेल्या घरांनी कृतज्ञ राहावे. तरीही ते काम्य कर्म. नाव होते, माणसे जोडली जातात, मतेही मिळतात. संस्थाचालकाचे पुण्य मंत्र्याच्या खात्यात जमा करता येत नाही. (हे एकट्या टोप्यांचे नाही. महाराष्ट्रातले शिक्षणसम्राट मोजायला बसले तर एकही पक्ष सुटायचा नाही.)

मग मंत्र्याच्या खात्यात काय? विद्यापीठांच्या सुधारणेसाठी निगवेकर, काकोडकर आणि ताकवले यांच्या समित्या त्या काळात नेमल्या गेल्या. नवा कायदा झाला २०१६ मध्ये, सरकार बदलल्यावर. पेरणाऱ्याला किती आणि कापणाऱ्याला किती, हे वाटप सोपे नाही. २०१३ चे पान त्याहून अवघड. थकबाकी आणि नेट-सेटच्या प्रश्नावर प्राध्यापकांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला आणि तो फेब्रुवारीपासून मेपर्यंत लांबला. परीक्षा वेळेवर होणे हे निखळ नित्यकर्म. झाल्या असत्या तर कोणी हार घातला नसता. दोष सरकारचा किती नि संघटनेचा किती, यावर भांडता येईल, पण प्रगतिपुस्तकातून ते पान फाडता येत नाही.

शंकराचार्यांनी मीमांसकांना अडवले होते: न करणे हा अभाव; अभावातून दोष उपजेल कसा? पुढाऱ्यांना हे भाष्य फार आवडले असते. पण जालन्यात अभावाला आकडा आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता सुमारे ७१.५ टक्के, राज्याची ८२.३. राज्यात याच्या खाली फक्त नंदुरबार. आणि हा तो जिल्हा, जिथल्या जांब गावी समर्थ रामदास जन्मले, ज्यांनी दासबोधाचा एक अख्खा समास लेखनक्रियेला दिला.

जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडले ते इथे थेट लागू पडते. महसूल रयतेच्या घामाचा, आणि खर्च वरच्या वर्गांच्या वरच्या शिक्षणावर. म्हणून आधी प्राथमिक शाळा. २०१८ मध्ये मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे केंद्र जालन्यात आले, ते चांगलेच झाले. पण आई-बाप कोयता घेऊन ऊसतोडीला निघाले की ज्या पोराची शाळाच मध्येच सुटते, त्याला त्या केंद्राचा काय उपयोग? त्याच्यासाठी सरकारी योजनेत हंगामी वसतिगृह आहे, आणि ते वेळेवर उघडणे हे नित्यकर्मच.

२०२४ मध्ये टोपे थोडक्या मतांनी हरले, हिकमत उढाण निवडून आले. माणूस बदलला, पडताळणी तीच. प्राथमिक शाळेचे विचारले की आमदार जिल्हा परिषदेकडे बोट दाखवतो आणि कायद्याने ते चूक नाही. मात्र जालना जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे कित्येक वर्षे कारभार प्रशासकाकडे राहिला. तेव्हा मत मागायला आलेल्याला दोन गोष्टी विचाराव्यात: तालुक्यातली हंगामी वसतिगृहे ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याआधी उघडली होती का? आणि परिषदेची निवडणूक रखडली, तेव्हा तुम्ही त्याबद्दल कुठे, काय बोललात?