आश्रय आणि अभय

शिबी राजाची कथा आपल्या घराघरांतून मुलांना सांगितली जाते. ससाण्याच्या भीतीने एक कबुतर राजाच्या मांडीवर येऊन पडले, राजाने त्यास अभय दिले, आणि दिलेला शब्द राखण्यासाठी स्वतःच्या अंगाचे मांस तराजूत घातले. कथा ऐकताना आपले सारे लक्ष राजाकडे असते. ज्याच्यासाठी हे सर्व घडले त्या कबुतराच्या उराची धडधड पुढे केव्हा थांबली, हे कथेत येत नाही. ते कबुतर म्हणजे प्रत्यक्ष अग्निदेव होता असे शेवटी उघड होते, त्यामुळे तेथे हा प्रश्न उद्भवतच नाही. परंतु शरण आलेला जीव मनुष्य असेल तर तो उद्भवतो. आश्रय दिल्याने अभय दिल्यासारखे होते काय, या प्रश्नाचा येथे थोडा विचार करावा असे आम्हास वाटते.

हा प्रश्न केवळ पोथीतला नाही. आपल्या देशाच्या तुरुंगात छळ सोसून, जीव घेऊन परक्या देशात आलेली माणसे जगात लक्षावधी आहेत. त्यांना छप्पर, अन्न आणि सरकारी कागद मिळाला म्हणजे आश्रय मिळाला, असे म्हणता येईल. पण भीती छपराबाहेर राहत नाही. ती माणसाबरोबर आत येते.

छळ हा माहिती काढून घेण्यासाठी केला जातो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. 1974 साली ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या संस्थेच्या डेन्मार्कमधील काही डॉक्टरांनी एकत्र येऊन ग्रीस व चिली येथील तुरुंगांत छळ सोसलेल्या लोकांची पद्धतशीर तपासणी सुरू केली. त्यांच्यापैकी डॉ. इंगे गेनेफ्के या बाईंनी पुढे 1982 साली कोपनहेगन येथे अशा लोकांच्या उपचारासाठी स्वतंत्र केंद्र स्थापन केले. या डॉक्टरांचा अनुभव निराळाच होता. छळणाऱ्यास माहितीची फारशी गरज नसते, पुष्कळदा ती त्याला आधीच ठाऊक असते. त्याला समोरचा मनुष्य आतून मोडावयाचा असतो, आणि त्या मोडलेल्या माणसाकडे पाहून त्याच्या गावाने गप्प बसावे, ही त्याची खरी इच्छा असते.

असा मनुष्य बरा करावयाचा तर डॉक्टरांनाच आधी बऱ्याच गोष्टी नव्याने शिकाव्या लागल्या. तळपायांवर मार बसलेल्या माणसास वर्षानुवर्षे चालताना वेदना होतात, वरून मात्र पाय धडधाकट दिसतात. हृदयाचा आलेख काढण्यासाठी अंगाला तारा लावावयास जावे, तर ज्याला विजेचे झटके दिले गेले तो घामाने भिजून जातो. दात दाखविण्याची खुर्ची, बंद दाराबाहेरील बाकावर ताटकळत बसणे, मागून येणाऱ्या बुटांचा आवाज, या आपल्या लेखी क्षुल्लक गोष्टी. त्याला त्या थेट कोठडीत नेऊन सोडतात. डॉक्टरचा पांढरा डगला पाहूनही काही जण घाबरतात. याचे कारण लाजिरवाणे आहे. कैदी अजून किती सोसू शकेल हे सांगण्यासाठी छळाच्या वेळी डॉक्टर हजर राहिल्याचे प्रकार अनेक देशांत घडले आहेत. जागतिक वैद्यक संघटनेला 1975 साली टोकियो येथे जाहीरनामा काढून वैद्यांना या कृत्यापासून दूर राहण्यास बजवावे लागले, यावरून काय ते समजावे.

म्हणून तेथील उपचारात घाई नसते. प्रत्येक गोष्ट आधी सांगून आणि विचारून केली जाते. दार उघडे ठेवू की बंद करू, आज बोलावयाचे की नाही, हे रोग्याने ठरवावयाचे असते. ज्याची स्वतःच्या देहावरील सत्ता हिरावून घेतली गेली, त्याला ती अशा लहान लहान निर्णयांतून परत मिळते. लंडनमध्ये तर काहींना भाजीच्या वाफ्यांत काम करावयास देतात. स्वतः लावलेले रोप वाढताना पाहून ज्या माणसाने महिनोन् महिने तोंड उघडले नव्हते तो बोलू लागतो, हे आम्हास मुळीच नवलाचे वाटत नाही. आपल्याकडील कोणत्याही शेतकऱ्यास ते पटेल.

लंडनची ही संस्था 1985 साली हेलन बँबर यांनी काढली. आज ती फ्रीडम फ्रॉम टॉर्चर या नावाने ओळखली जाते. 1945 साली जर्मनीतील बेल्सनची छळछावणी मुक्त झाल्यानंतर, विशीतल्या या बाई तेथे मदतीस गेल्या होत्या. वाचलेली माणसे त्यांना घट्ट धरून, मागेपुढे झुलत, आपली हकीकत पुन्हा पुन्हा सांगत. हे दुःख आपण हलके करू शकत नाही, पण आपण त्याचे साक्षीदार होऊ शकतो, हे त्यांना तेथे उमगले. पुढील सारे आयुष्य त्यांनी याच कामात वेचले.

साक्षीदार होणे वाटते तितके सोपे नाही, कारण त्यात आधी विश्वास ठेवावा लागतो. आश्रय मागणाऱ्याला अधिकाऱ्यांपुढे आपल्या छळाची जबानी द्यावी लागते, आणि पहिल्या व दुसऱ्या जबानीत तफावत पडली की तो खोटा ठरतो. 2002 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बोस्निया व कोसोव्हो येथून आलेल्या निर्वासितांविषयी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. खोटे बोलण्याचे काही कारण नसलेल्या माणसांच्या दोन वेळच्या कथनांतही त्यात तफावत आढळली, आणि ती विशेषकरून बारीकसारीक तपशिलांत होती. घाव बसला तो क्षण स्पष्ट आठवतो. त्या दिवशी वार कोणता होता, हे आठवत नाही. ज्या खुणेवरून आपण लबाडी ओळखू पाहतो ती खूण प्रामाणिक माणसाच्या अंगीही असते, ही मोठी अडचण आहे. बिभीषण शरण आला तेव्हा सुग्रीवाने शंका घेतली. ती शंका मूर्खपणाची नव्हती, आणि रामायणात तिला पूर्ण वाव दिला आहे. सरकारांनी चौकशी करू नये असे आमचेही म्हणणे नाही. चौकशी कशी करावी याचे नियम 1999 साली तयार झालेल्या इस्तंबूल संहितेत आहेत, आणि वैद्याने व्रण कसे वाचावे हेही तीत सांगितले आहे. पण शेजाऱ्याने शेजाऱ्याची उलटतपासणी घेण्याचे काय कारण?

आता आपल्याजवळची गोष्ट. बेळगावहून हुबळीच्या वाटेने जाणाऱ्यास मुंडगोड काही फार लांब नाही. तेथे 1966 पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. थंडीत आपल्या शहरांतून लोकरी कपडे विकावयास बसणारे तिबेटी आपण नेहमी पाहतो, भावही करतो. त्यांच्यापैकी कोणाच्या घरी काय घडले आहे हे आपण विचारलेले नसते, आणि ते एका अर्थी बरेच आहे. पाल्देन ग्यात्सो या भिक्षूंनी चिनी तुरुंगांत व श्रमछावण्यांत 33 वर्षे काढली. विजेचा दंडुका तोंडात घातल्याने त्यांचे दात गेले. 1992 साली ते भारतात आले ते छळाची हत्यारे बरोबर घेऊनच, आणि 1995 साली त्यांनी जिनीव्हा येथे राष्ट्रसंघापुढे साक्ष दिली. 2018 साली धर्मशाळेत ते वारले. अशा लोकांच्या शुश्रूषेसाठी तिबेटी प्रशासनाच्या आरोग्य विभागाने धर्मशाळेत स्वतंत्र उपक्रम चालविला. तिबेटी वैद्य या दुखण्यास प्राणवायूचा क्षोभ म्हणतात. वातप्रकोपाची कल्पना असलेल्या आपल्या वैद्यांना ही भाषा परकी वाटणार नाही.

येथे क्षमेचा प्रश्न येतो, आणि तो आम्हास सर्वांत अवघड वाटतो. अनेक वर्षे तुरुंगात काढून आलेल्या एका भिक्षूची हकीकत दलाई लामा सांगत असतात. तेथे कधी संकट वाटले काय, असे विचारता तो म्हणाला की, चिन्यांविषयीची करुणा आटून जाईल असे काही वेळा भय वाटले. ही वृत्ती वंदनीय आहे यात शंका नाही. परंतु 1943 साली बेल्जियममधील ब्रेंडाँक किल्ल्यात नाझींनी ज्यांना टांगून छळले त्या जाँ आमेरी या लेखकांनी क्षमा करण्यास साफ नकार दिला. पहिल्या तडाख्यासरशी जगावरचा जो विश्वास उडतो तो परत येत नाही, असे त्यांनी 1966 सालच्या पुस्तकात मांडले. 1978 साली त्यांनी स्वतःचा अंत करून घेतला. भिक्षू बरा झाला आणि आमेरी बरे झाले नाहीत, असा हिशेब आम्ही मांडणार नाही. क्षमा करावी की नाही हा अधिकार ज्याने सोसले त्याचा. बघ्यांनी त्याला क्षमेचा उपदेश केला, तर पुष्कळदा तो स्वतःला त्या गोष्टीचा विसर पडावा म्हणून केलेला असतो.

प्रारब्धाच्या बाबतीतही आम्हास असेच वाटते. ‘त्याचे भोग होते’ हे वाक्य आपल्या तोंडी सहज येते. भोगणाऱ्याने ते स्वतःविषयी म्हटले तर त्यात धीर असतो. दुसऱ्याने म्हटले की तेच वाक्य दार लावून घेण्याच्या कामी येते. शिवाय कर्माचा सिद्धांत मानावयाचा तर तो पुरता मानावा. छळणाऱ्याचे कृत्य हे त्याचे आजचे, नवे कर्म आहे; आणि पीडित मनुष्य आपल्या गल्लीत राहावयास आला, यानंतर आपण काय करतो हे आपले.

काही सभासद म्हणतील, तिबेटी आपल्याला जवळचे. पण म्यानमारहून पळून हैदराबादच्या बाळापूर भागात राहिलेल्या रोहिंग्या मुसलमानांचे काय? कोणाला देशात ठेवावे हा राज्यकारभाराचा प्रश्न आहे, आणि त्यावर आपल्यातही मतभेद आहेत. भारताने 1951 चा निर्वासितविषयक करार स्वीकारलेला नाही. छळविरोधी करारावर 1997 साली सही केली, त्यास अंतिम मान्यता अद्याप दिलेली नाही. तथापि तळपायावरील माराचा व्रण कोणत्या धर्माच्या माणसाचा आहे, हे पाहून वैद्य मलम लावीत नाही. बिभीषणही शत्रूच्याच घरचा होता.

अशा कुटुंबास भाड्याने खोली देणारे, त्याच्या मुलास शाळेत घालताना बरोबर जाणारे, दवाखान्यात दुभाषी म्हणून शांतपणे बसणारे लोक हवे असतात. दुभाषी त्याच्याच जातगोतातला नसलेला पुष्कळांना बरा वाटतो, कारण आपली लाज आपल्या माणसांत पसरू नये ही चिंता त्यांना असते. दार वाजविण्यापूर्वी हाक मारावी, रात्री उशिरा जाऊ नये. आणि तो बोलू लागलाच, तर घड्याळाकडे न पाहता बसून राहावे.